दाराबाहेरचा बाप

आमच्या घरी आजोबांची एक चोपडी आहे. लाल खारव्याच्या कापडात बांधलेली, मोडी लिपीत लिहिलेली. १९२१ पासून १९५७ पर्यंतची पीकपाण्याची, उसनवारीची आणि घरातल्या जन्म-मृत्यूंची टाचणे तिच्यात आहेत. मी प्राथमिक शाळामास्तर. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता म्हणून पुन्हा मोडीची उजळणी केली आणि ही चोपडी पानापानाने वाचून काढली. घरातल्या अकरा जन्मांची नोंद तीत सापडली. प्रत्येक जन्माची तिथी, वार, नक्षत्र, आणि सूर्योदयापासून किती घटका व किती पळे झाली ते लिहिलेले आहे. पळ म्हणजे चोवीस सेकंद. म्हणजे आमच्या घराण्यात कोणते मूल केव्हा जन्मले हे चोवीस सेकंदांच्या हिशेबाने सांगता येते. मात्र ते कोणाच्या पोटी जन्मले, हे या अकरा नोंदींपैकी एकीतही नाही. बापाचे नाव आहे, आईचे नाही.

या नोंदींवरून त्या काळातल्या बाळंतपणात पुरुषाचे काम काय होते ते नेमके कळते. तो ओसरीवर घड्याळ घेऊन बसे. आतून हाक आली की वेळ टिपून घेई, कारण पत्रिका मांडायची असे. बाकी जे काय चाले ते दाराच्या आत चाले. तिथे सुईण, घरातल्या जाणत्या बायका, शेगडी, ओव्या-शेपाची धुरी आणि कोंदलेला अंधार. त्या दाराशी पुरुषाने जायचे नाही, डोकावायचे नाही, विचारायचेही नाही.

ही रीत अनादि कालापासून चालत आली आहे असा माझा समज होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासाचा प्रचंड ग्रंथ चाळला तेव्हा चित्र निराळे दिसले. जातकर्म हा संस्कार मूळ बापाचा. मूल जन्मले की नाळ कापण्यापूर्वी बापाने ते करायचे, सोन्याने मध-तूप चाटवायचे आणि बाळाच्या कानाशी मंत्र म्हणायचे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाळ कापण्याआधीची हीच वेळ सांगितली आहे. सोयर सुरू व्हायचे ते नाळ कापल्यानंतर, त्यामुळे तेवढ्या वेळात बाप शुद्धच असे. म्हणजे शास्त्राने बापाला जन्माच्या अगदी पहिल्या क्षणी बाळाजवळ उभे केले होते. (मनूचे हे वचन मुलग्यापुरते आहे, मुलीचे संस्कार अमंत्रक. तो वेगळ्या लेखाचा विषय होईल.) एवढेच नव्हे, तर गर्भिणीच्या नवऱ्यालाही नियम घालून दिले होते. शेवटच्या महिन्यांत त्याने क्षौर करू नये, तीर्थयात्रेला जाऊ नये, श्राद्धाचे जेवू नये. डोहाळे पुरवले नाहीत तर गर्भाला दोष लागतो, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. या नियमांची कारणे आज आपल्याला पटोत न पटोत, बायको गरोदर असताना नवऱ्याने घरापासून लांब जाऊ नये हा त्यांतला एक परिणाम मात्र उघड आहे.

पुढे व्यवहारात जातकर्म मागे पडले, पुष्कळ ठिकाणी ते नामकरणाबरोबरच उरकले जाऊ लागले आणि बाप बाराव्या दिवसावर गेला. मध चाटवायचे तेवढे बायकांनी चालू ठेवले. खरे तर राहायला हवा होता बाप आणि जायला हवा होता मध. नवजात बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये हे आज कोणतीही आशाताई सांगेल. आमच्याकडे मात्र पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकत आणि बाळाला मध नाहीतर गुळाचे पाणी देत. त्याच घरात गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत. गाईच्या चिकाची किंमत कळणाऱ्या माणसाला बायकोच्या चिकाची कळली नाही, कारण ती बाब दाराआडची होती. वासराला पहिला चीक पाजला नाही तर ते जगत नाही हे आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते. त्याला आत काय चालले आहे ते कोणी सांगितले असते, तर त्याने बहुधा बरोबर सल्ला दिला असता.

हे दार सगळीकडे सारखेच बंद होते असेही नाही. १९६९ साली माझी पहिली नेमणूक खानापूर तालुक्याच्या रानातल्या एका धनगरवाड्याजवळच्या शाळेत झाली. पाच-सहा झोपड्या, पावसाळ्यात चार महिने नाल्यापलीकडचे जग तुटलेले. तिथल्या एका माणसाने आपल्या तीन मुलांच्या नाळा स्वतः कापल्या होत्या, कारण झोपडीत दुसरी बाई नव्हती. सुईण नाल्याच्या पलीकडे. त्याने मला हे सांगितले ते मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसे. नाळ कशाने कापली असे विचारले तर म्हणाला, "बांबूच्या कांबीनं, मास्तर. उकळत्या पाण्यात धरून." कांब उकळायची हे त्याला कोणी शिकवले नव्हते, दुधाचे भांडे उकळतात तसे केले, म्हणाला. तिन्ही मुले माझ्या शाळेत होती.

आता चोपडीतल्या त्या पानाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

शके १८६५, श्रावण. म्हणजे १९४३ चा ऑगस्ट. माझ्या वडिलांची पहिली बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिचे माहेर चंदगडच्या बाजूला. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मागे मुंबई राज्यात राहिले. एकाच जिल्ह्यातली ही सोयरीक नंतर दोन राज्यांतली झाली. पण १९४३ साली सरहद्दीचा प्रश्न नव्हता, पावसाचा होता. ताम्रपर्णी दुथडी भरलेली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ लागला की उतारूंनी ढकलायच्या. आजोबांच्या नोंदीत एवढेच आहे, की सायंकाळी चंदगडाकडून मनुष्य आला. मुलगी अडली आहे, बेळगावास इस्पितळात न्यावी काय म्हणून व्याह्यांनी विचारविले आहे. पुढली ओळ दुसऱ्या दिवसाची: सकाळी होकार देऊन मनुष्य परत पाठविला. तिसरी ओळ चार दिवसांनंतरची. ती वाचताना मोडीची गरज लागत नाही. शाईच्या डागावरून कळते.

तो माणूस रात्रभर चालत बेळगावला आला होता, तिथून आगगाडीने खानापूर. तोच बाईला डोलीत घालून निघाला असता तर निदान बेळगावला पोचला असता. पण व्याही म्हणाले असणार, लेक आमची खरी, पण आता ती जावयाच्या घरची. त्यांना न विचारता कशी हलवायची? परक्या पुरुष डॉक्टरने हात लावला तर उद्या बोल कोणाला? माहेरी बाळंतपण करायची आपली रीत वाईट नव्हे. मुलीला विश्रांती मिळते, सासरच्या कामातून सुटका होते, चार घास पोटभर मिळतात. मात्र या रीतीत एक खोच आहे. बाई असते एका गावी आणि तिच्या जिवाचा अधिकार असतो दुसऱ्या गावी. या दोन गावांमधले अंतर कोणीतरी पायी चालून कापायचे आणि तोवर तिने थांबायचे.

१९९४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतिणी का दगावतात याची मांडणी केली. ती 'तीन उशीर' म्हणून जगभर ओळखली जाते. पहिला उशीर घरात निर्णय घेण्याचा, दुसरा वाटेतला, तिसरा दवाखान्यात उपचार सुरू होण्याचा. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला ताम्रपर्णी आठवली नाही, डोलीही आठवली नाही. सायंकाळी आलेला माणूस सकाळी परत गेला, त्या दोन ओळींमधली रात्र आठवली.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या काही नवऱ्यांनी या दाराला धक्के दिले आहेत. पोस्टातले गोपाळराव जोशी त्यांतले पहिले म्हणावे लागतील. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता ही सल त्या दोघांच्या मागे लागली. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. करवीर संस्थानाने त्यांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमले होते. आमच्यापासून कोल्हापूर ते काय लांब! पण २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्यांचा अंत झाला, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांचा तऱ्हेवाईकपणा, बायकोवर त्यांनी केलेली सक्ती, मारहाण यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खोटे नाही. पुढाकार घेणारा नवरा म्हणजे चांगला नवरा, असे समीकरण करण्याची घाई करू नये एवढे त्या चरित्रावरून शिकता येते.

दुसरे घर कर्व्यांचे. धोंडो केशवांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. १८९३ साली अण्णांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकातही आहे. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता. याच रघुनाथाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या बुद्धिवादाची चर्चा आपण करतो. नऊ वर्षांच्या त्या मुलाने दाराबाहेर काय ऐकले असेल, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि सरकारने काय केले? १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत, दायांना शिक्षण मिळावे हा त्याचा हेतू. हेतू उत्तमच. पण त्याच्या मुळाशी एक गृहीत होते, की या देशात बाळंतपणाशी पुरुषाचा संबंध येऊ शकत नाही, तर आपण तो येऊ न देताच सुधारणा करू. दायीला शिकवले, नर्स तयार केली, आईला समजावले. घरात ज्याच्या हातात पैसा, गाडी आणि होकार होता त्याला कोणी काही शिकवले नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढले आणि त्याची कीर्ती आमच्या भागात घरोघर पोचली. तिथे बाई नेऊन पोचवणे मात्र घरच्या पुरुषांच्याच हाती राहिले. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात आपल्या देशात हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज दिलेला होता. वर्षाला दोन लाख बायका. त्याच वर्षी माझा जन्म झाला.

वडिलांचे दुसरे लग्न वर्षाच्या आतच झाले होते. त्या दुसऱ्या बायकोचा मी पहिला मुलगा. म्हणजे चोपडीत ती तिसरी ओळ नसती तर मीही नसतो, हा विचार मनात आला की त्या पानाकडे कसे पाहावे ते कळत नाही.

माझ्या जन्माची कथा मात्र आमच्या आजोळी हसून हसून सांगत. आईचे माहेर बेळगावच्या उत्तरेला, काकतीच्या पलीकडे. दिवस भरत आले तेव्हा वडील आपली बैलगाडी घेऊन सासुरवाडीला जाऊन बसले. जावई बारशाला यायचा, तो बारशाच्या आधीच हजर. सकाळ-संध्याकाळ बैलांना वैरण घालायची आणि गाडी दारात जुंपायच्या बेताने उभी ठेवायची, असे नऊ दिवस. गाडीत गवत पसरलेले, वर घोंगडे. माझे आजोळचे आजोबा रागावले. "आमच्याकडे गाडी नाही का, जावईबापू?" वडील म्हणाले, "आहे की मामा. पण मला विचारल्याबिगर तुम्ही ती जोडणार नाही." यावर आजोबा गप्प झाले, असे माझी मामी सांगे. सासूबाईंच्या हाती त्यांनी पंचवीस रुपये ठेवले होते, तेही कशासाठी ते सांगून. दहाव्या दिवशी माझा जन्म घरीच, सुखरूप झाला आणि गाडीची गरज पडली नाही. गावात पुढे कितीतरी वर्षे कोणी उगीच तयारीत बसला की 'खानापूरची गाडी' म्हणत.

गाडी ठरवून ठेवा, पैसे बाजूला काढा, कोणत्या दवाखान्यात जायचे ते आधी ठरवा, हे आजच्या आरोग्यखात्याच्या पत्रकांत अनुक्रमाने छापलेले असते. जागतिक आरोग्य संघटना त्याला प्रसूतिपूर्व सज्जता म्हणते. वडील चौथी पास होते.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, नर्सबाई सायकलवरून, मग एसटीने गावात येऊ लागली. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि गंमत अशी, की त्यात पुरुषाला प्रथमच जागा मिळाली. साठीच्या दशकात नसबंदीच्या शिबिरांना पुरुष जात. केरळात एर्नाकुलमला १९७१ च्या जुलैत एकाच शिबिरात त्रेसष्ट हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ब्याऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बासष्ट लाखांच्या आसपास पुरुषांच्या. उत्तरेत जी सक्ती झाली तिच्या मानाने आमच्याकडे झळ कमीच, तरी आम्हा मास्तरांवर 'केसेस' आणण्याचा बोजा होता आणि सरकारी जीप दिसली की माळावरची माणसे उसात शिरत. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप मला पाहून वाट बदलत. शाळेच्या पटावर जितकी मुले तितक्या घरांशी माझे संबंध त्या वर्षी बिघडले, आणि ते सुधारायला पाच-सहा वर्षे गेली.

१९७७ नंतर खात्याचे नावच बदलून कुटुंबकल्याण केले आणि सरकारने पुरुषाचा नाद सोडला. त्यानंतर जे काही आले ते बायकांसाठी: तांबी, गोळ्या, बायकांच्या शस्त्रक्रिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या बायका शेकडा ३८ आहेत आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आधार असलेली जोडपी अर्धा टक्काही नाहीत. आणीबाणीने राजकारणाचे काय केले यावर ग्रंथ लिहिले गेले. तिने आरोग्यकेंद्राच्या दारातून बापाला कायमचा पळवून लावला, ही हानी कोणी मोजली नाही.

माझी मुलगी झाली ती १९७५ साली, दवाखान्यात. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही, सगळे सारखेच होते. तिथेही दार होतेच. आमच्या घराचे दार लाकडी होते, याला काचेचा डोळा होता आणि वर 'पुरुषांस मनाई' अशी पाटी कन्नडात लिहिलेली होती. मी बाहेरच्या बाकावर. औषधाची चिठ्ठी आली की धावायचे, सही मागितली की करायची. रक्त लागेल म्हणाले, तर बाटलीसाठी बेळगावला माणूस धाडायचा. आत काय चालले आहे ते विचारले तर नर्सबाई म्हणाली, "बायकांचं काम आहे, तुम्ही बसा." कागदावर कशासाठी सही केली ते मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या बाकावर रात्री वडील माझ्याशेजारी येऊन बसले. सत्तरीच्या घरात होते. त्या रात्री त्यांनी मला १९४३ ची गोष्ट सांगितली. पहिली आणि शेवटची.

"माणूस आला तेव्हा दिवे लागले होते. अण्णांनी पंचांग काढलं. नंतर म्हणाले, बाटवतील, मिशनचे डॉक्टर असतात. मग म्हणाले, सकाळी बघू. त्यांचंही वाईट नव्हतं काही मनात."

"आणि तुम्ही?"

"मी उंबऱ्यात उभा होतो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोललो नाही रे. माझी बायको होती, अन् मी बोललो नाही."

माझ्या मनात आजोबांविषयी फार प्रेम होते, अजून आहे. मला मोडी त्यांनीच शिकवली. पण वडिलांनी माझी पत्रिका कधी कोणाला का दाखवली नाही, याचा उलगडा मला त्या बाकावर झाला.

गेल्या तीस वर्षांत पुष्कळ बदलले. १९९२-९३ साली देशात शंभरांत जेमतेम सव्वीस बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये एकोणनव्वद, आणि कर्नाटकात सत्त्याण्णव. मातामृत्यूचे प्रमाण लाख जन्मांमागे मोजतात. २००१ ते ०३ मध्ये ते कर्नाटकात २२८ होते, २०१८ ते २० मध्ये ६९. पलीकडे महाराष्ट्रात याच काळात १४९ वरून ३३. सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक का, हा प्रश्न आमच्यासारख्यांना पडतोच. भाषेच्या प्रश्नाइतकी त्याची चर्चा व्हावी असे मला वाटते.

आमच्या जिल्ह्याला यात अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे, आणि ती बेळगावकरांनाच कमी ठाऊक आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकन संशोधकांसह जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या खेड्यांत एक चाचणी घेतली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बायका दगावण्याचे मोठे कारण. तो थांबवणारे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते, टोचणारा लागतो. मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही आणि त्या तोंडाने घेता येतात. १६२० बायकांपैकी निम्म्यांना त्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दिखाऊ गोळ्या घेतलेल्यांत शंभरांत बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला, खऱ्या गोळ्या घेतलेल्यांत सहा-साडेसहा जणींना. हे निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले आणि पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी त्या गोळ्या अत्यावश्यक औषधांत घेतल्या. गोळ्या देणाऱ्या होत्या आपल्याच उपकेंद्रांतल्या नर्सबाया.

२००५ पासून आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली, २००८ पासून कर्नाटकात १०८ ची गाडी. दुसरा उशीर पुष्कळ कमी झाला. भीमगडच्या रानातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात आजही आजाऱ्याला लाकडांच्या डोलीवरून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि डोलीला खांदा देणारे चारही जण पुरुषच असतात, हे जाता जाता नोंदवतो. पहिल्या उशिराचे काय? १९९४ च्या कैरो परिषदेत पुरुषांच्या जबाबदारीवर एक स्वतंत्र भाग लिहिला गेला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणात, बाळंतपणात आणि नंतर पुरुषांना सामील करून घ्यावे अशी शिफारस केली. मात्र एक अट घातली. बाईची इच्छा आणि तिचा निर्णयाचा हक्क यांना बाध येता कामा नये.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. होकार देणारा बाप आपल्याकडे कधीच गैरहजर नव्हता; तो १९४३ मध्येही होता, पंचांगासह. गैरहजर होता तो पाणी तापवणारा, रात्री बाळ धरणारा, बायकोला आधी जेवायला वाढणारा. सामील करून घ्यायचे ते या दुसऱ्याला. नाहीतर पहिल्याच्या हाती आणखी एक सही जायची. हे मी बायकोला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "पंच्याहत्तर साली तुम्ही बाहेर होता तेच बरं होतं. आत येऊन तुम्हीच चक्कर येऊन पडला असता. पण घरी आल्यावर लंगोट धुतले असते तर चाललं असतं." मी धुतले नव्हते, हे खरे आहे.

कागदावर आणखी एक अडचण आहे, ती खास आमची. गरोदर बाईला इथे 'तायी कार्ड' मिळते. सूनबाईचे कार्ड मी पाहिले. छापलेला सगळा मजकूर कन्नडात. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, गोव्यात कारखान्यात नोकरीला, चोर्ल्याच्या घाटातून आठवड्याला येणारा. त्याला त्यातले अक्षर लागेना. शेवटी शेजारच्या कन्नड बाईने त्याला ओळ ओळ वाचून दाखवली आणि त्याने ती मराठीत लिहून भिंतीला लावली: डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावर सूज आली, पाणी गेले, रक्त गेले, तर वाट पाहू नये. भाषेचे भांडण कुठे चालवावे आणि कुठे थांबवावे, हे सरकारला कळत नाही. शेजारणीला कळले.

नात झाली ती २०१९ साली, बेळगावात. बाळंतिणीसोबत एक माणूस आत ठेवावा असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळवले होते. शक्यतो बाई, पण आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालेल. त्या दवाखान्यात पडदे होते. मुलगा शनिवारी रात्री आला होता, रविवारी पहाटे सूनबाईला कळा सुरू झाल्या. मी सवयीने बाहेरच्या बाकावर बसलो.

बाळ थोडे लवकर आले होते, वजन कमी. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या पुरेनात म्हणून १९७८ साली ही पद्धत निघाली. आई थकली तर बापानेही धरले तरी चालते, कारण ऊब ती ऊबच. दुपारी मला आत सोडले तेव्हा मुलगा शर्टाची बटणे सोडून खुर्चीत मागे रेलला होता आणि बाळ त्याच्या छातीवर पालथे, डोक्याला टोपरे. हलू नका म्हणून सांगितले होते, तो श्वासही जपून घेत होता. सूनबाई झोपली होती.

मी खिशातून वही काढली. आजोबांची चोपडी १९५७ ला संपते, पुढचे मी लिहितो, देवनागरीत. हळूच विचारले, "वेळ नेमकी किती?"

"कुणाला ठाऊक, बाबा. मी आत होतो. घड्याळ कुठं बघणार?"

वेळ दवाखान्याच्या कागदावरून घेतली. खाली आईचे नाव लिहिले, मग बापाचे.